सही खेळाडूची, वाटा दलालाचा

निवृत्त फुटबॉलपटूंच्या सह्या असलेली छापील कार्डे जमवणे हा सुखवस्तूंचा पोरखेळ आहे आणि श्रमिकांच्या चळवळीला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, असे मानणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. वरवर पाहता त्यांचे म्हणणे रास्त वाटते. हा छंद वाढला तो श्रीमंत देशांत. ज्यांच्या सह्या जमवायच्या ते प्रसिद्ध. आणि जमवणारे बहुधा मध्यमवयीन, नोकरदार, शाळकरी वयातील आठवणींत रमणारे. मग अशा विषयावर समाजवादी साप्ताहिकाचे पान कशाला खर्ची घालायचे? त्याचे कारण असे की, मूल्य कोण निर्माण करतो आणि ते कोण खाऊन जातो, हा जुना प्रश्न या तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर जितका उघडानागडा दिसतो तितका तो कापडाच्या ताग्यावर किंवा साखरेच्या पोत्यावरही दिसत नाही. ताग्यात विणकराचा हात अदृश्य होतो. कार्डावर तो सहीच्या रूपाने ठसठशीत उमटलेला असतो. ज्याने मूल्य निर्माण केले त्याने आपले नाव स्वतःच्या हाताने तेथे लिहून ठेवलेले असते, आणि तरीही विक्रीच्या हिशेबात त्याचे नाव कोठेच नसते.

या कार्डांचा जन्मच मुळी धंद्याच्या सोयीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून नरम पाकिटात एक ताठ पुठ्ठा घालीत असत. मग त्या पुठ्ठ्यावर चित्र आले, चित्रांची मालिका आली, आणि मालिका पुरी करण्याच्या ओढीने गिऱ्हाईक त्याच कंपनीची पाकिटे विकत घेऊ लागले. मार्कस नावाच्या कंपनीने १८९६ मध्ये फुटबॉलपटूंची अशी मालिका काढली. पुढे जॉन प्लेअर, विल्स, ऑग्डन अशा बड्या कंपन्यांनी लाखांनी कार्डे छापली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा सिगारेटच्या पाकिटातील कार्ड बंद पडले. त्याची जागा च्युइंगगमच्या पुडीने घेतली. इटलीतील मोदेना गावी पानिनी बंधूंनी १९६१ मध्ये चिकटचित्रांचा धंदा सुरू केला आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकापासून तो देशोदेशी नेला.

ज्यांच्या चेहऱ्यावर हा व्यापार चालला त्यांची आर्थिक स्थिती काय होती? इंग्लंडमध्ये १९२२ पासून व्यावसायिक फुटबॉलपटूच्या वेतनावर आठवड्याला ८ पौंडांची कमाल मर्यादा होती, आणि उन्हाळ्यात सामने बंद असताना ती ६ पौंडांवर येई. पुढे ती २० पौंडांपर्यंत चढली. संपाची धमकी देऊन खेळाडूंच्या संघटनेने ती मोडून काढली ती १९६१च्या जानेवारीत. जिमी हिल तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते. खेळाडूचा करार संपला तरी क्लबने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नसे. ही वेठबिगारी बेकायदा आहे असा निकाल न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी जॉर्ज ईस्टहॅम यांच्या दाव्यात दिला, तोही १९६३ मध्ये. प्रेस्टनचे टॉम फिनी हे त्या युगातील थोर खेळाडू. पण नळदुरुस्तीचा व्यवसाय त्यांना फुटबॉलच्या जोडीला करावा लागला. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्यांच्यापुढे नुसत्या करारापोटी १०,००० पौंड ठेवले होते. प्रेस्टनच्या संचालकांनी नकार दिला आणि विषय तेथेच संपला. (स्टॅन्ली मॅथ्यूज स्वतः धूम्रपान करीत नसत, तरी सिगारेटच्या जाहिरातीत झळकले. एवढ्या मोठ्या नावालाच आपला चेहरा विकण्याची मुभा होती. इतरांचा चेहरा दुसरेच विकत होते.)

आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेले, किंवा नुकतेच निवर्तलेले, जे इंग्लिश खेळाडू संग्राहकांना हवेहवेसे वाटतात ते याच काळाच्या शेवटास किंवा त्याच्या लगेच नंतर मैदानात आलेले आहेत. ‘फुटबॉलवाले कोट्यधीश असतात’ असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. आजच्या काही शे नक्षत्रांची मिळकत पाहून काल राबून गेलेल्या हजारोंचा हिशेब करता येत नाही.

आता छंदाविषयी. जो छंद निर्मळ आहे त्याला झोडपण्याचे कारण नाही, उलट त्याचे स्वागत केले पाहिजे. जुन्या पद्धतीचा संग्राहक बाजारातून किरकोळ पैशांत एक जुने कार्ड मिळवतो. त्या खेळाडूच्या जुन्या क्लबच्या पत्त्यावर हाताने लिहिलेले पत्र पाठवतो, सोबत कार्ड आणि परतीचे तिकीट लावलेले पाकीट. कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पाकीट परत येते. कार्डावर सही असते. एखादा म्हातारा बचावपटू त्याखाली दोन ओळीही खरडतो, की अमुक सामन्यात पाऊस फार होता. यात कोणी काही विकले नाही, कोणी काही विकत घेतले नाही. जर्मनीत तर क्लब स्वतःच खेळाडूंची सहीसाठी म्हणून कार्डे छापतात आणि मागेल त्याला फुकट देतात. तेथे या कार्डांना वेगळे नावच आहे. अशा संग्राहकाला बहुधा केवळ तारे नको असतात. त्याला एखाद्या हंगामाचा सगळा संघ हवा असतो, आणि म्हणून तो तीन सामने खेळलेल्या राखीव गोलरक्षकाचाही माग काढतो. ज्या क्लबसाठी त्या माणसाने गुडघे झिजवले त्या क्लबला त्याचे नाव आठवत नसते. दूरच्या गावातील एका कारकुनाला ते आठवते. श्रमिकांचा इतिहास असाही जपला जातो.

हा स्नेहाचा व्यवहार भांडवलाने कसा गिळला ते पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी सही मिळवण्याची. नवी कार्डे काढणाऱ्या कंपन्या निवृत्त खेळाडूंना ‘दिग्गज’ असे भारदस्त नाव देऊन त्यांच्याशी करार करतात. पुष्कळदा खेळाडूकडे कार्ड जातच नाही. जातात ते पारदर्शक चिकटपट्ट्यांचे ताव. तो एका बैठकीत शेकड्यांनी पट्ट्यांवर सह्या करतो, ठरलेली रक्कम घेतो आणि त्याचा संबंध संपतो. कंपनी त्या पट्ट्या हव्या त्या कार्डांवर डकवते, कार्डांवर क्रमांक घालते, ‘जगात असे एकच’ असे छापते, आणि ती बंद पाकिटांत विखरून टाकते. किती पाकिटांमागे एक सही निघेल याचे प्रमाण बाहेर बारीक अक्षरात असते. ही सरळसरळ सोडत आहे. फरक एवढाच की राज्य सरकारच्या लॉटरीचे तिकीट मुलांच्या हाती कोणी देत नाही. जुन्या संग्राहकाची दुर्मिळता काळाने घडवलेली होती. ही दुर्मिळता छापखान्यात मोजून घडवलेली आहे.

दुसरी पायरी दर्जा ठरवण्याची. १९९१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या पीएसए या कंपनीने कार्डांना एक ते दहा गुण देण्याची पद्धत रूढ केली. कार्ड तपासले जाते, सही खरी की खोटी हे ठरवले जाते, सहीलाही वेगळे गुण मिळतात, आणि मग ते सगळे प्लास्टिकच्या कडक पेटीत कायमचे बंद होते. पेटीवर एक क्रमांक असतो. बनावट सह्यांचा सुळसुळाट पाहता अशा तपासणीची गरज नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिची दरपत्रिका अवश्य पाहावी. कार्ड जितके मोलाचे तितके शुल्क अधिक! काम तेच, भिंग तेच, प्लास्टिकही तेच. तरी मूल्य वाढले की तपासनिसाचा वाटा वाढतो. लिलावगृह विक्रीच्या किमतीवर शेकड्याने दलाली घेते. संगणकावरील बाजारपेठही शेकड्यानेच घेते. या साखळीत शेकड्याचा हिशेब लागू नाही असा एकच इसम आहे, आणि तो म्हणजे ज्याने सही केली तो.

तिसरी पायरी मक्तेदारीची. २०२२च्या जानेवारीत फॅनॅटिक्स या अमेरिकी कंपनीने टॉप्स ही जुनी कार्ड-कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी पेले यांचे १९५८ सालचे एक स्वीडिश कार्ड लिलावात १३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. कार्ड हा आता ‘गुंतवणुकीचा प्रकार’ मानला जातो, आणि गुंतवणूकदाराचे तर्कशास्त्र निष्ठुर असते. खेळाडू जिवंत असेतो सह्यांचा पुरवठा चालू राहतो. तो मेला की पुरवठा थांबतो आणि भाव चढतो. हात थरथरू लागल्यावर केलेली सही तरुणपणीच्या सहीपेक्षा हलकी समजली जाते. म्हणजे म्हातारपणाचा दंड त्याला आणि मृत्यूचा नफा दुसऱ्याला. असे गणित उघडपणे मांडले तर ते मांडणाऱ्याला लाज वाटेल. लिलावाच्या सूचीपत्रात ते गुळगुळीत कागदावर छापले जाते.

१९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. त्या संघातील २२ खेळाडूंना मिळून २२,००० पौंडांचे बक्षीस मिळाले व ते त्यांनी सारखे वाटून घेतले, प्रत्येकी १,००० पौंड. बावीसपैकी अंतिम सामना खेळले ते अकराच, तरीही सारखे. (समाजवादावरील व्याख्यानांपेक्षा हा दाखला अधिक बोलका आहे.) पुढे काय झाले? जॉर्ज कोहेन यांनी १९९८ मध्ये आपले पदक विकले, गॉर्डन बँक्स यांनी २००१ मध्ये, रे विल्सन यांनी २००२ मध्ये, ॲलन बॉल यांनी २००५ मध्ये. नॉबी स्टाइल्स यांच्या पदकाला २०१० मध्ये १ लाख ६० हजार पौंड आले. प्रकृती ढासळत होती आणि कुटुंबाची सोय लावायची होती. रे विल्सन फुटबॉल सोडल्यावर अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत. या सर्वांनी पदक एकदाच विकले. त्यांच्या सह्या मात्र पुनःपुन्हा विकल्या जात आहेत, आणि संपूर्ण संघाच्या सह्या एकत्र असलेल्या वस्तूचा भाव एकेका मृत्यूगणिक वाढत गेला.

स्टाइल्स, विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक आणि बॉबी चार्ल्टन या पाचही जणांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले. हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. वेस्ट ब्रॉमविचचे जेफ ॲस्टल यांनी १९६८च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केला होता. डोक्याने चेंडू मारण्यात त्यांचा हातखंडा होता. २००२ मध्ये ५९व्या वर्षी ते वारले तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यवसायजन्य आजार हे मृत्यूचे कारण नोंदवले. खाणीतल्या धुळीने फुप्फुस जाते, तसे येथे चेंडूच्या आघाताने मेंदू गेला. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सामान्य लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाने मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघाले. पुढील अभ्यासात असे दिसले की बचावपटूंमध्ये हा धोका सुमारे पाचपट आहे, आणि चेंडू हातांनी अडवणाऱ्या गोलरक्षकांत तो वाढलेला दिसत नाही. याहून स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

२०२३ मध्ये इंग्लंडच्या खेळाडू संघटनेने आणि प्रीमियर लीगने अशा रुग्णांसाठी निधी काढला. सुरुवातीची रक्कम १० लाख पौंड. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रीमियर लीगने चार हंगामांचे देशांतर्गत प्रक्षेपण हक्क ६७० कोटी पौंडांना विकले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की टीकेची गरज उरत नाही. ज्या माणसाला आपण कोणता गोल केला हे आठवत नाही त्याच्या त्या गोलाचे कार्ड, त्याची सही, तिचे प्रमाणपत्र, सारे प्लास्टिकच्या पेटीत सुरक्षित आहे. त्याला भरवायला आणि अंघोळ घालायला माणूस ठेवायचा तर मुलीला नोकरी सोडावी लागते.

यावर बाजाराचे भक्त सांगतात की सही तर त्याने राजीखुशीने केली. गिरणीत कामगारही राजीखुशीनेच शिरतो. तेवढ्यावरून कामगारकायद्यांची गरज संपली असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. कमाल वेतनाचा करारही खेळाडू सही करूनच स्वीकारत होता. दुसरा युक्तिवाद असा की संग्राहकाने जोखीम घेतली, वर्षानुवर्षे वाट पाहिली, म्हणून वाढावा त्याचा. जोखमीचा मोबदला त्याला अवश्य मिळावा. पण त्याच्या वाट पाहण्याने वाढले ते काय? खेळाडूची कीर्ती त्याने निर्माण केलेली नाही, त्याचा मृत्यूही त्याने घडवलेला नाही. न कमावलेल्या वाढाव्यावर समाजाचा हक्क असतो, हे जमिनीच्या बाबतीत अर्थशास्त्राने दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. शहराच्या कडेच्या रिकाम्या भूखंडाचा मालक आणि सहीचे कार्ड तिजोरीत ठेवून खेळाडूच्या निधनाची वाट पाहणारा धनिक हे एकाच जातकुळीचे आहेत.

संघटनेच्या बळावर या धंद्यातून वाटा काढता येतो, याचा दाखला बेसबॉलमध्ये आहे. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्व्हिन मिलर हे अर्थतज्ज्ञ १९६६ मध्ये अमेरिकी बेसबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. टॉप्स कंपनी तेव्हा प्रत्येक खेळाडूला कार्डासाठी वर्षाला १२५ डॉलर टेकवीत असे. मिलर यांच्या सल्ल्याने खेळाडूंनी नव्या करारावर सह्या करण्याचे नाकारले, आणि १९६८ मध्ये कंपनी वठणीवर आली: वर्षाला २५० डॉलर, शिवाय ४० लाखांपर्यंतच्या विक्रीवर आठ टक्के आणि त्यापुढे दहा टक्के. सही न करणे हेही संपाचे हत्यार होऊ शकते, हे त्यातून दिसले.

परंतु याच अमेरिकेत दुसरीही घटना घडली आणि ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. तेथील हातांनी खेळायच्या फुटबॉलमधील निवृत्त खेळाडूंकडून त्यांची नावे व छबी धंद्यासाठी वापरण्याची सामूहिक संमतिपत्रे त्यांच्याच संघटनेने घेतली होती. पैसा मात्र खेळत्या खेळाडूंच्या वाट्याला गेला. ग्रीन बे संघाचे जुने बचावपटू हर्ब ॲडर्ली यांच्या पुढाकाराने २,०६२ निवृत्त खेळाडू न्यायालयात गेले. २००८च्या नोव्हेंबरात ज्यूरीने संघटनेला २ कोटी ८१ लाख डॉलर भरण्यास सांगितले. पुढच्या वर्षी २ कोटी ६२ लाख ५० हजारांवर तडजोड झाली. निवृत्त कामगाराला मतदानाचा हक्क नसतो, तो वर्गणी भरत नाही, सभेला येत नाही. म्हणून संघटना त्याला विसरते. हे केवळ अमेरिकेतच घडते असे समजण्याचे धाडस कोणी करू नये. मुंबईत गिरणी कामगारांच्या थकीत देण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते तर करणारच नाहीत.

मग मागणी कोणती करायची? नवे काही शोधायला नको. फ्रान्सने १९२० मध्येच चित्रकारांना पुनर्विक्रीच्या किमतीत वाटा देणारा कायदा केला. २००१ मध्ये युरोपीय संघाने तो सर्व सदस्य देशांना लागू केला: ५०,००० युरोपर्यंत चार टक्के, पुढे उतरता दर, आणि एका विक्रीमागे जास्तीत जास्त १२,५०० युरो. ब्रिटनमध्येही २००६ पासून तो आहे. लंडनच्या लिलावगृहात चित्र विकले गेले तर चित्रकाराला वाटा जातो. त्याच दालनात, त्याच हातोड्याखाली, फुटबॉलपटूची सही विकली गेली तर त्याला काही नाही. या भेदाला कोणते तत्त्व आहे?

चित्रकारांच्या कायद्यात एक खोट आहे, ती मात्र उचलू नये. तेथे वाटा व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना जातो. साहजिकच मोठा हिस्सा मोजक्या गाजलेल्या नावांच्या वारसांकडे जमा होतो. खेळाडूंच्या बाबतीत वाटा सामाईक निधीत गेला पाहिजे, आणि निधी निवृत्त खेळाडूंच्या निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती असला पाहिजे. पेले यांच्या कार्डावरील चार टक्क्यांनी राखीव गोलरक्षकाची शुश्रूषा व्हावी. फुटबॉल अकरा जणांचा खेळ आहे, हे मान्य असेल तर यात अवघड काही नाही. पोस्टाने सह्या मागवणाऱ्या संग्राहकाला आणि मधल्या सुट्टीत कार्डांची अदलाबदल करणाऱ्या मुलांना याची झळ लागू नये म्हणून विक्रीची किमान रक्कम ठरवावी. भाव थोडे उतरले तर त्या मंडळींना आनंदच होईल.

‘प्रत्येक विक्रीचा माग कसा ठेवणार?’ या प्रश्नाचे उत्तर बाजारानेच तयार करून ठेवले आहे. प्रत्येक पेटीवर क्रमांक आहे, क्रमांकाची नोंदवही कंपनीजवळ आहे, आणि लिलावगृह आपली दलाली वसूल करताना एकही विक्री विसरत नाही.

भारतातही या बाबतीत कायदा अगदीच कोरा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ‘५३ अ’ हे कलम आले. चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. खेळाडूची सही त्यात नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा, १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील गोव्याचे फॉर्च्युनॅटो फ्रँको, ही माणसे टाटांच्या संघातून खेळली आणि गेली. त्यांच्या पिढीचा विचार करायला उशीर झाला आहे. क्रिकेटपटूंची कार्डे मात्र टॉप्सने येथील दुकानांतही आणून विकली आहेत, आणि सही केलेल्या बॅटींचे लिलाव आता नवलाईचे राहिलेले नाहीत. ‘५३ अ’ कलमात खेळाडूच्या सहीचा आणि सामाईक निधीचा उल्लेख घालणारे विधेयक दोन पानांत मावेल. खासगी विधेयकांसाठी लोकसभेत शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते.